हिरव्या रेक्झिनची पट्टी

माझ्या जुन्या मित्राचं, टाचण्याचं, पत्र आलं तेव्हा थंडी होती. पंखा लावायचे दिवस आले, तरी उत्तर अजून गेलेलं नव्हतं. वेळ नव्हता असं म्हणणं म्हणजे शुद्ध थाप. लेकीच्या घरी मला वेळच वेळ आहे. सकाळी वर्तमानपत्र वाचतो, दुपारी तेच पुन्हा वाचतो आणि छपाईच्या चुकांवर पेन्सिलीने खुणा करतो. जन्मभर छापखान्यात मुद्रितं तपासली. सुंभ जळला तरी पीळ जात नाही.

पत्र त्याने स्वतः लिहिलं होतं, डोळे गेल्यानंतर. ओळ सरळ यावी म्हणून कागदावर फूटपट्टी ठेवून तिच्या कडेने लिहिलेलं, त्यामुळे सगळी अक्षरं बुडाशी सपाट झाली होती आणि उकार छाटले गेले होते. मध्येच पट्टी सरकवायची राहिली असावी, तिथे ओळीवर ओळ चढली होती. मला भिंग काढावं लागलं.

"तळटीप," त्याने लिहिलं होतं, "घरात विचारायची सोय नाही म्हणून तुला विचारतो. मागच्या मोसमात आपली गाडी खरंच जिंकली का? पोरगा म्हणतो, जिंकली, आणि एकदा नव्हे. त्याने पट्टीवर बटणं लावून दिली आहेत. बोट फिरवलं की बरं वाटतं. पण टीव्हीवर बोलणाऱ्याच्या तोंडून आपल्या ड्रायव्हरचं नाव ऐकू येत नाही. भाषा कळत नसली तरी नाव कळतं. जिंकणाऱ्याचं नाव कोणी गिळतं का? नवा मोसम तोंडावर आलाय. इथे सगळे आत्तापासून नाचतायत. मी नाचू की नको, तेवढं सांग. पत्र लिहू नकोस, ते मला पोरगाच वाचून दाखवणार. सोबत कोरी पट्टी आहे. मागचा मोसम तिच्यावर करून पाठव. पत्ता आपल्या कारखान्यातल्या शिलाईवाल्या बाईंचा घाल, त्या माझ्या हातात देतील."

पाकिटात रेक्झिनची हिरवी पट्टी होती, बोटभर रुंद, वीतभर लांब. एका टोकाला कात्रीने खाच दिलेली. मोसम कुठून सुरू होतो ते बोटाला कळावं म्हणून.

हे पट्टीचं प्रकरण आमच्याबाहेर कोणाला कळणार नाही, म्हणून सांगतो. टाचण्या गाड्यांच्या सीटा शिवायचा. तोंडात टाचण्या धरून बोलायची सवय, म्हणून हे नाव. मी कशावरही बोलताना बारीकसारीक पुरवणी जोडतो म्हणून त्याने मला तळटीप केलं. छापखाना त्याच्या कारखान्याला लागून होता. एका रविवारी छापखान्यात वीज नव्हती आणि त्याच्याकडे होती, एवढ्या कारणाने मी आत गेलो. आत टीव्हीवर मोटारींची शर्यत लागली होती. चारपाच माणसं जुन्या सीटांवर बसून बघत होती आणि समालोचन परदेशी भाषेत चाललं होतं, त्यातलं कोणाला ओ की ठो कळत नव्हतं. मला ती भाषा वाचून वाचून येत होती. मी हळूच म्हणालो, "बहुतेक त्या हिरव्या गाडीचा गिअर अडकलाय." सगळे वळून माझ्याकडे बघायला लागले. टाचण्याने तोंडातल्या टाचण्या काढल्या, एक सीट झटकली आणि म्हणाला, "बसा. आता उठायचं नाही."

मी उठलो नाही. मोटारींमध्ये मला तोवर काडीचा रस नव्हता. सायकलही नीट चालवता येत नाही. पण त्या खोलीत माझं बोलणं कोणाला तरी हवं होतं, आणि ती गोष्ट मला दुसरीकडे कुठे मिळाली नव्हती. मी एकेक वाक्य सांगायचो आणि प्रत्येक वाक्याला आधी 'बहुतेक' लावायचो. बहुतेक टायर बदलायला आत गेला. बहुतेक मागचा पंख मोडला. कंडक्टर म्हणून आमच्यातला एक जण होता, बसवर कामाला असलेला. तो ओरडायचा, "अरे, गाडी डोळ्यांदेखत भिंतीवर आपटली आणि हा म्हणतो बहुतेक! उद्या बायकोला म्हणशील, बहुतेक तू माझी बायको आहेस!"

हिरवी गाडी आमची झाली ती टाचण्यामुळे. तो म्हणायचा, पैसेवाल्यांच्या गाड्यांना टाळ्या वाजवायला जग आहे, हिला कोण आहे? छोटी कंपनी, उसनं इंजिन, आणि एक वय उलटलेला ड्रायव्हर ज्याला दुसरं कोणी घेत नव्हतं. दर मोसमाच्या आधी टाचण्या हिरव्या रेक्झिनची नवी पट्टी कापायचा. ती हातोहात फिरायची आणि प्रत्येकाने ती हातात धरून अंदाज सांगायचा. तो दिवस आमचा सगळ्यात सुखाचा. अजून काहीच बिघडलेलं नसायचं. मग शर्यतीमागून शर्यत पट्टी भरायची: जिंकली तर पितळी बटण, नुसती पूर्ण केली तर दोऱ्याची गाठ, वाटेत बंद पडली तर आरीने भोक. शेवटची शर्यत झाली की टोक दुमडून शिवून टाकायचं. "तोंड शिवलं," टाचण्या म्हणायचा, "आता हिला कोणी काही विचारू नका." भिंतीवर अशा पट्ट्या ओळीने लटकत होत्या. भोकंच भोकं. एकीवर एक बटण होतं, आणि त्या बटणावरून येताजाता हात फिरवल्यामुळे ते इतकं गुळगुळीत झालं होतं की त्यात तोंड दिसावं.

मी निवृत्त होऊन लेकीच्या गावी आलो. नंतर टाचण्याचे डोळे गेले. ऑपरेशन झालं, फसलं. त्याच सुमाराला क्रीडा पानाच्या अगदी तळाशी चार ओळींची बातमी मी वाचली: हिरवी कंपनी बंद पडली, कारखाना विकला, ड्रायव्हरला घरी बसवलं. मागच्या मोसमात हिरवी गाडी जिंकली नव्हती, हरलीही नव्हती. ती नव्हतीच.

हे मी त्याला कळवायला हवं होतं. पण घरातलं कोणी सांगेलच असं मी धरून चाललो. आणि पत्र आल्यावर मला काय करावं सुचेना. पट्टी टेबलाच्या खणात होती. मी खण उघडायचो, बघायचो, बंद करायचो.

मग त्याच्या मुलाचा फोन आला.

"काका, मोसमाचा पहिला रविवार. तुम्ही यायचंच. बाबांना सरप्राइज."

"बहुतेक जमेल," मी म्हणालो.

"बहुतेक नाही, यायचं. फक्त एक आहे काका..." त्याचा आवाज खाली आला. "बाबांना गाडीचं काही माहीत नाही. म्हणजे आम्ही सांगितलं नाही. ऑपरेशन फसलं तेव्हा भिंतीकडे तोंड करून पडले होते, जेवत नव्हते. एकदा मी म्हटलं, बाबा, आपली गाडी जिंकली. उठून बसले, काका. मग काय करणार होतो? पुढच्या रविवारी हरली म्हणून सांगू? तुम्ही तिकडे लेकीकडे, दोन वेळचा चहा आणि पेपर. इथे तोंड पाडून बसलेला बाप रोज मला बघायला लागतो."

मला त्याचं काही चुकलं असं तेव्हा वाटलं नाही. आजही पूर्ण खात्रीने वाटत नाही. मी पट्टी खिशात घातली आणि गेलो.

कारखाना ओळखू आला नाही. पुढे काच, आत दिवे, दुकान झालेलं. शिलाईची यंत्रं मागे सरकवलेली आणि पुढे तयार सीटकव्हरं टांगलेली, जवळजवळ सगळी पिवळी. पिवळी गाडी गेली काही वर्षं सगळ्यांना मागे टाकते आहे. मुलाने दारातच सांगितलं, "मोसम सुरू होताना जी विक्री होते, ती पुढे वर्षभर होत नाही बघा." खोली माणसांनी भरली होती. बहुतेक गिऱ्हाइकं, पिवळे टीशर्ट घातलेली, कोणाच्या हातात पिपाणी, कोणी गालावर पिवळा पट्टा ओढलेला. नवं इंजिन, नवे टायर, नवा ड्रायव्हर, सगळे एकमेकांच्या वरचढ आवाजात बोलत होते. ती खुशी खोटी नव्हती. आम्ही पट्टी हातोहात फिरवायचो तेव्हा आमच्या चेहऱ्यांवर होती तीच ती होती, आणि मला तिचा राग आला.

मधोमध, एका नव्याकोऱ्या पिवळ्या सीटवर, टाचण्या बसला होता. डोक्यावर पिवळी टोपी.

"बाबा, ओळखा कोण," मुलगा म्हणाला.

मी घसा साफ केला. तेवढ्यावर तो हसला.

"तळटीप! मेल्या, जिवंत आहेस? ये, पानाच्या तळाशी बस." त्याने शेजारची जागा चाचपली, माझं मनगट पकडलं आणि दुसरा हात टोपीला लावला. "पोराने घेऊन दिली. हिरवा रंग शोभतो का रे मला?"

खोलीत कोणीतरी फिसकन हसलं. सूनबाई चहा घेऊन येत होती, तिने मान खाली घातली.

"शोभतो," मी म्हणालो.

एक पिवळा टीशर्टवाला पुढे आला. "आजोबा, एक फोटो. सगळ्यात जुने फॅन तुम्ही." टाचण्याने ताठ बसून फोटो काढू दिला. मुलाच्या मागोमाग मी गल्ल्यापाशी गेलो आणि विचारलं, "टोपी तरी हिरवी आणायचीस."

"अख्खं दुकान पिवळं, काका. त्यात एकटा हिरवा कसा दिसेल? फोटो लोक पुढे पाठवतात." तो जरा थांबला. "आणि बाबांना कुठे दिसतंय?"

भिंतीवरच्या जुन्या पट्ट्या काढून टाकल्या होत्या. फक्त मागच्या मोसमाची, मुलाने केलेली, टाचण्याच्या सीटच्या हाताला बांधून ठेवली होती. बटणांनी ती इतकी जड झाली होती की सरळ लटकत होती. दहा मोसमांत जेवढी लागली नसती तेवढी.

कंडक्टरही आला होता. थकला आहे आता. मी त्याच्या कानाशी लागलो, "तुलाही माहीत आहे?"

"सगळ्यांना माहीत आहे," तो म्हणाला. "त्याच्यासमोर तेवढं जपायचं. मी तर मागच्या खेपेला रडलो सुद्धा, जिंकली म्हणून. आता तू शहाणपणा करू नकोस. चहा चांगला असतो इथे."

पडद्यावर सुरुवातीचे लाल दिवे विझले आणि गाड्या सुटल्या. खोली उभी राहिली. पिपाण्यांचा एकच कल्ला झाला. टाचण्याने माझं मनगट घट्ट आवळलं, तोंड माझ्या कानाजवळ आणलं.

"सांग," तो म्हणाला. "पूर्वीसारखं. मी तुझ्याशिवाय कोणाचं ऐकणार नाही आज."

मी पडद्याकडे बघितलं. पिवळी सगळ्यांत पुढे, मग बाकीच्या. समालोचकाचं सगळं कळत होतं, शब्दन् शब्द. मुलगा पडद्याकडे पाठ करून माझ्याकडे बघत होता. सूनबाई बघत होती. गिऱ्हाइकंही बघत होती, या म्हाताऱ्याचं नाटक कसं होतं ते. जन्मात इतकी माणसं माझ्या बोलण्याची वाट बघत थांबली नव्हती. पट्टी खिशात होती. मी तोंड उघडलं.

"हिरवी सातव्या जागेवरून सुटली," मी म्हणालो, "पहिल्याच वळणावर दोघांना आतून मागे टाकलंय. पाचवी आहे. आता चौथी."

खोली ओरडली. खरं तर पिवळीने तेव्हा आघाडी वाढवली होती, पण ओरडणं अगदी वेळेवर आलं. मुलाने मला अंगठा दाखवला. आणि मी थांबलो नाही. एकदा तोंड सुटल्यावर वाक्यामागून वाक्य येत गेलं, मी कधी बोललो नव्हतो इतकं सरळ, इतकं न अडखळता. तिसरी आली. टायर बदलून बाहेर पडली, जागा गेली नाही. ड्रायव्हरने हात वर केला. मला, सांगायला लाज वाटते, मजा येत होती.

बऱ्याच वेळाने माझ्या लक्षात आलं की टाचण्याने माझं मनगट सोडलं आहे.

"कितवी?" त्याने विचारलं.

"दुसरी."

"बरं," तो म्हणाला. मग मान वर करून तो मोठ्याने ओरडला, "वाजवा रे पिपाण्या! आपली गाडी दुसरी!" सगळ्यांनी वाजवल्या. तो टाळ्या वाजवत राहिला, शर्यत संपेपर्यंत, एका लयीत, मशीन चालावं तसा.

गर्दी पांगली. मुलगा गिऱ्हाइकांना कव्हरं दाखवत होता, एकाच वेळी तिघांना. मी निघतो म्हणून सांगायला टाचण्यापाशी वाकलो.

"शिकलास की बोलायला," तो हळू म्हणाला.

"काय?"

"आज एकदाही बहुतेक म्हणाला नाहीस."

निघायला वाकलेला मी पुन्हा त्याच्या शेजारी बसलो.

"गाडी भिंतीवर आपटलेली बघूनसुद्धा तुझ्या तोंडून सरळ वाक्य निघायचं नाही. आणि आज ही अशी आगगाडी." त्याचं बोट मुलाने केलेल्या पट्टीवरून फिरत होतं, बटणामागून बटण. "यांचं सोड. यांना मला जेवायला घालायचंय, दुकान चालवायचंय. तू कशासाठी?"

"घाबरलो," मी म्हणालो.

"ते ठाऊक आहे. पट्टी हरवलीस का?"

"नाही. खिशात आहे."

"मग?"

तेवढ्यात मुलगा आला, माझ्या खांद्यावर हात टाकून म्हणाला, "काका, मानलं तुम्हाला! माझ्याच्याने असं जमत नाही. बाबा, ऐकलंत ना? काका आता दर शर्यतीला येणार."

"ऐकलं," टाचण्या म्हणाला आणि टोपी सरळ केली. "फार छान सांगितलं त्याने."

परतीच्या बसमध्ये मी सगळा रस्ता मनात वाक्यं जुळवत होतो, जी आता सांगून उपयोग नव्हता.

घरी आल्यावर पट्टी टेबलावर ठेवली. लेकीच्या डब्यातून सुई-दोरा घेतला. शेजारच्या चांभाराकडून आरी मागून आणली, आणि मग लक्षात आलं की आरीचं काम नाही. भोक म्हणजे गाडी धावली आणि बंद पडली. गाठ म्हणजे पोचली. जी गाडी सुटलीच नाही तिला आमच्याकडे खूणच नव्हती. आम्हाला असं काही होईल हे सुचलंच नव्हतं. आमचा सगळा रडगाण्याचा कारभार गाडी आहे हे धरून चाललेला. भोकं पाडून पाठवावीत असं एकदा मनात आलं. भोकं चाचपून तो शिव्या देईल, हसेल, पुढच्या शर्यतीची वाट बघेल. तेही एक प्रकारचं बटणच झालं असतं.

कोरीच पाठवावी, तर त्याला वाटलं असतं मी अजूनही टाळतोय.

शेवटी मी खाचेकडचं टोक घेतलं, जिथून मोसम सुरू होतो ते. खाच आत जाईल असं दुमडलं आणि शिवायला लागलो. रेक्झिन जाड, सुई जाईना. टाचण्याचे टाके मुंग्यांच्या रांगेसारखे पडायचे. माझे वाकडेतिकडे, काही दुहेरी, एक तर सरळ दुसरीकडेच गेलेला. लेक दारात येऊन बघत राहिली.

"बाबा, बोट फोडून घ्याल. द्या इकडे, मी शिवते."

"नको."

"काय आहे ते?"

"टाचण्याच्या पत्राचं उत्तर."

"पत्राचं उत्तर शिवतात का कोणी?" ती हसली. मग माझ्याकडे बघून तिचं हसू गेलं, आणि तिने येऊन दिवा जवळ सरकवला.

बोट फुटलंच. हिरव्यावर रक्त फारसं दिसत नाही. त्याला तर दिसायचं नाहीच. डोळे मिटून मी पट्टीवरून बोट फिरवलं. सुरुवातीलाच जाड, शिवलेली कड. पुढे काही नाही. पुढे काही नाही. शेवटचं टोक मोकळं. त्याला कळेल. कळल्यावर तो पुन्हा भिंतीकडे तोंड करून पडेल का, जेवायचं सोडेल का, मुलगा मला फोनवर काय म्हणेल, हे सगळं मी रात्रभर नाही, पण चहा थंड होईपर्यंत नक्की मोजून पाहिलं. आणि हे मी त्याच्यासाठी करतोय की त्या खोलीत ज्या जिभेने मी गाडी पळवली ती धुऊन काढायला, हेही पाहिलं. दुसरंच असावं. पण विचारलं त्याने होतं.

टोपीचं कळवायला पट्टीत जागा नव्हती. ते राहू दिलं.

पाकिटावर शिलाईवाल्या बाईंचा पत्ता घातला आणि पोस्टात गेलो. खिडकीपलीकडच्या बाईंनी पाकीट चेपून बघितलं.

"आत काय आहे आजोबा? कागद नाही वाटत."

"पट्टी आहे. रेक्झिनची."

"मौल्यवान काही? रजिस्टर करायचं?"

"बहुतेक नाही," मी म्हणालो. "पण करा. पोचायला हवी."

त्यांनी शिक्का मारला आणि पाकीट मागच्या पोत्यात टाकलं.